आठ्यांवर क्रीम लावण्याआधी डोळे तपासा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत कपाळावरच्या सुरकुत्या घालवण्याचे घरगुती उपाय सांगणारा लेख वाचला. लिंबू-मध, अंड्याचा पांढरा भाग, खोबरेल तेलाचं मालीश, भुवया वर-खाली करण्याचा व्यायाम असं बरंच काही त्यात होतं. बार्शीत माझं चष्म्याचं दुकान आहे. मी डॉक्टर नव्हे, ऑप्टोमेट्रीची, म्हणजे डोळे तपासून नंबर काढण्याची, पदविका घेतलेला माणूस. गिऱ्हाइकं तरीही डॉक्टरच म्हणतात आणि मीही आता दुरुस्त करत बसत नाही. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजताना, फ्रेम नाकावर बसवताना दिवसभर कुणाचं ना कुणाचं कपाळ माझ्यापासून वीतभर अंतरावर असतं. त्यामुळे कपाळाबद्दल बोलायचा थोडाफार हक्क मला आहे, असं मी समजतो.

त्या लेखात उपाय भरपूर होते, पण सुरकुत्या पडतात कशाने याबद्दल एक ओळ नव्हती. भुवया उचलणारा एक पातळ, रुंद स्नायू कपाळभर पसरलेला असतो. त्याचे तंतू उभे असतात, म्हणून तो आखडला की कातडीला आडव्या घड्या पडतात. दोन भुवयांच्या मधल्या उभ्या रेघा निराळ्या. त्या भुवया आत ओढणाऱ्या स्नायूंच्या. लहान वयात स्नायू सैल सोडला की घडी मोडते, कारण कातडीत ताण असतो. वयाने आणि उन्हाने तो ताण कमी झाला की घडी तिथेच मुक्काम ठोकते. तेव्हा विचारायचे प्रश्न दोन: हा स्नायू दिवसभर एवढा का राबतोय, आणि कातडी वयाच्या मानाने लवकर का ढिली पडली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा डोळ्यांत सापडतं, आणि तिकडे कुणी बघतच नाही.

चाळिशीच्या आसपास जवळचं अंधुक दिसायला लागतं. पण चष्मा लागला हे कबूल करायला आपल्याकडे दोन-चार वर्षं सहज जातात. तेवढ्या काळात माणूस पेपर हातभर लांब धरतो, हनुवटी वर करतो, भुवया ताणतो. मार्केट यार्डातल्या आडतीवर दिवसभर पट्ट्या लिहिणारे दिवाणजी, ब्लाउजला हुक लावणाऱ्या बायका, भिंगाखाली बारीक काम करणारे सोनार यांच्या कपाळावरच्या रेघा बघून मी नंबर साधारण ओळखतो. (तपासतो अर्थातच नीट.) लांबचं अंधुक दिसणारे दुसरं करतात: डोळे बारीक करतात. फट लहान झाली की आत येणारा विखुरलेला प्रकाश कमी होतो आणि चित्र जरा स्पष्ट दिसतं, म्हणून शरीर ही युक्ती आपोआप शिकतं. फळ्याकडे बघताना बारा वर्षांच्या पोराच्या भुवयांमध्ये उभी रेघ उमटत असेल, तर त्याला ‘तोंड वाकडं करू नकोस’ म्हणून दटावण्यापेक्षा डोळे तपासून आणा.

एक बाई सासूबाईंना घेऊन आल्या होत्या. सासूबाई आत खुर्चीवर बसल्या तेव्हा सूनबाई हळूच म्हणाल्या, “काका, यांच्या कपाळाला सदा आठ्या. काही केलं तरी पसंत नाही.” म्हातारीचा चष्मा जुना, काचा चरे पडून पांढरट झालेल्या, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. त्या सुनेकडे रागाने नव्हे, नुसत्याच बघत होत्या. ऑपरेशन झालं, नवा चष्मा झाला. स्वभावाचं मला माहीत नाही, कपाळ मात्र बरंच निवलं.

आता बोटॉक्सबद्दल, म्हणजे स्नायू ढिला करणाऱ्या इंजेक्शनबद्दल, कारण लग्नसराईत आमच्याकडच्या मुलीसुद्धा सोलापूर-पुण्याला जाऊन ते करून येतात. फार थोड्यांना ठाऊक असेल की हे औषध आमच्या डोळ्यांच्या खात्यातूनच निघालं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रशल्यविशारद अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरलं. १९८९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली तीही तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार यांसाठी. कॅनडात व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स पापण्यांच्या रुग्णांना ते टोचत होत्या, तेव्हा भुवयांमधल्या आठ्याही विरतात हे लक्षात आलं. त्यांचे पती अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ; दोघांनी मिळून १९९२ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. भुवयांमधल्या रेघांसाठी अमेरिकेत मान्यता २००२ साली आली, कपाळावरच्या आडव्या रेघांसाठी तर २०१७ साली. असर साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा खर्च. गरोदरपणी आणि स्नायूंच्या काही आजारांत ते घेत नाहीत.

मला त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. वयाबरोबर काहींच्या वरच्या पापण्या खाली उतरतात. डोळ्यासमोर आलेला तो पडदा वर करायला ती माणसं नकळत कपाळाचा स्नायू वापरतात आणि दिवसभर भुवया उचलून धरतात. त्यांच्या आडव्या रेघा म्हणजे त्या कष्टाची खूण. अशा माणसाचा तोच स्नायू इंजेक्शनने ढिला केला तर कपाळ गुळगुळीत होतं खरं, पण भुवया आणि पापण्या खाली येतात आणि दिसणंच अडतं. चांगला डॉक्टर हे आधी बघतो. आपणही आरशासमोर बघू शकतो: डोळे मिटा, कपाळ सैल सोडा, भुवईवर बोट हलकेच टेकवून ती वर जाऊ देऊ नका, आणि मग डोळे उघडा. पापणी बाहुलीवर येत असेल तर रेघांचा विचार नंतर, आधी नेत्रतज्ज्ञ.

दुसरा प्रश्न कातडीचा, आणि तिथे सगळ्यात मोठा वाटा उन्हाचा. सोलापूर जिल्ह्यातलं ऊन मी वेगळं काय वर्णन करू! आपल्या सावळ्या कातडीला रंगद्रव्याचं थोडं संरक्षण असतं, त्यामुळे गोऱ्या लोकांपेक्षा सुरकुत्या उशिरा येतात आणि आधी डाग दिसतात, पण येतात. उन्हातले अतिनील किरण कातडीच्या आतल्या थरातलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, मोडतात. त्यांतला ‘ए’ प्रकार साध्या काचेतूनही आत येतो. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्याची खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू जाड आणि खोल सुरकुत्यांची, उजवी त्या मानाने बरी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच फरक. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बूर इथे ५५ वर्षांखालच्या ९०३ माणसांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. ज्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, त्यांच्या कातडीचं उन्हाने वय होणं बाकीच्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरलं. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. घरगुती उपायांच्या यादीत एवढ्या भक्कम पुराव्याचं मला काही दिसलं नाही.

पण सनस्क्रीन कपाळालाच नीट लागत नाही, हे मी रोज बघतो. कुंकू पसरतं म्हणून बायका मधला भाग सोडून देतात, पुरुष गंध लावलेलं असतं म्हणून, आणि ज्यांचे केस मागे सरकलेत त्यांना कपाळ कुठे संपतं याचा निर्णय होत नाही. (संपत नाही, टाळूपर्यंत लावा.) आधी क्रीम, ते मुरायला थोडा वेळ, मग कुंकू. एसपीएफ ३० पुरे, तोंड-मानेला मिळून दोन बोटांवर भरेल एवढं घ्या आणि उन्हात राहणार असाल तर दोन तासांनी पुन्हा लावा. खुरपायला जाणाऱ्या बाईला हा खर्च परवडणार नाही, तिने पदर कपाळाच्या पुढे ओढावा किंवा वर रुंद काठाची टोपी घालावी. गांधी टोपीने डोकं झाकतं, कपाळावर सावली पडत नाही. दुपारी हेल्मेटची काच वर करून गाडी हाकणाऱ्यांना ऊन, वारा, धूळ तिन्ही मिळतात आणि घरी पोचेपर्यंत कपाळ आवळलेलंच असतं.

गॉगलचं सांगितलं की दुकानदार माल खपवतोय असं वाटेल, तरी सांगतो. रस्त्यावरच्या नुसत्या काळ्या काचेवर विश्वास ठेवू नका. काळोखाने बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते जास्तच आत जातात. उलट पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची साधी पांढरी काचही ते किरण अडवते, नंबर असलेल्यांना वेगळा गॉगल घ्यायचीही गरज नाही. डोळे बारीक करणं थांबलं की अर्धं काम होतं. फुकटातला उपाय हवा असेल तर मोबाइलची अक्षरं मोठी करा. आई-आजीच्या फोनमध्ये हे एकदा करून दिलंत तर कुठल्याही लेपाइतकं पुण्य लागेल. आणि संपादक महोदय, आपल्या पुरवणीचा टाइपही एक घर वाढवता आला तर पाहा.

लेखातल्या उपायांबद्दल थोडक्यात. तेल किंवा मलई लावल्याने कोरडेपणाच्या बारीक रेघा तात्पुरत्या बुजतात, वाईट काही नाही. भुवया वर-खाली करण्याचा व्यायाम मला पटत नाही. ज्या हालचालीने घडी पडते तीच पुन्हा पुन्हा करायची, यात कसलं शहाणपण? लिंबाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. विडी-सिगारेटने सुरकुत्या वाढतात, हेही यादीत हवं होतं.

खरं भय मेडिकलमधल्या ट्यूबचं आहे. ट्रेटिनोइन नावाचं अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध बारीक सुरकुत्यांवर काही महिन्यांत गुण देतं, हे खरं. ते डॉक्टरच्या सल्ल्यानेच लावायचं, रात्री लावायचं, गरोदरपणी लावायचं नाही. पण नाव ऐकून लोक जी ट्यूब आणतात तिच्यात पुष्कळदा त्याच्या जोडीला स्टिरॉइड आणि डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन असतं. ती वांगासाठी, थोडे दिवस, देखरेखीखाली वापरायची असते. वर्षभर चोळली की कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या आणि लव येते, आणि बंद केली की आग होते म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. कातडी घट्ट करायला निघालेली बाई ती कागदासारखी पातळ करून बसते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते सर्वांना माहीत आहे. त्यावर आपण एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून लिहून घ्यावं, ही विनंती.

शेवटचं, आणि हे वाचकांनी घरी सांगून ठेवावं. कपाळाच्या एकाच बाजूच्या रेघा अचानक नाहीशा झाल्या, त्या बाजूची भुवई उचलेना आणि डोळा पुरता मिटेना, तर चेहऱ्याच्या नसेचा पक्षाघात असू शकतो. तोंड वाकडं झालं पण कपाळाच्या रेघा दोन्हीकडे शाबूत आहेत, तर मेंदूच्या झटक्याची शंका घ्यायची. एक पापणी एकाएकी खाली आली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तरी तेच. यातलं काहीही झालं तर चष्म्याच्या दुकानात येऊ नका, लगेच इस्पितळ गाठा.

आपला,
एक चष्मेवाला, बार्शी (जि. सोलापूर)