राजाराम बंधाऱ्याची नोंदवही सर्वांसाठी खुली करा

प्रति,
मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा
तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती

महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुलै उजाडला की आमच्याकडे चहाच्याही आधी एकच प्रश्न असतो : "राजारामवर किती?" म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी किती. 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या पोरांना पाढ्यासारखे पाठ आहे. आमच्या चिखलीच्या घरात भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ आहे आणि तिच्या वर 2021 ची. सकाळचा आकडा ऐकला की आई त्या रेघांकडे बघते आणि म्हशी कधी हलवायच्या ते ठरवते.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. पंचगंगेची रोजची पातळी, धरणांचा विसर्ग आणि पाऊस यांचा मेळ घालून बघायचा, असे आम्ही ठरवले. एका कार्यालयात अर्ज केला. बऱ्याच खेपा घातल्यावर नोंदवहीच्या पानांच्या झेरॉक्स मिळाल्या, काही इतक्या पुसट की 1 आणि 7 वेगळे ओळखू येत नव्हते. विद्यार्थी ते आकडे संगणकात भरत असताना एका नोंदीपाशी काम अडले : 43.10. हे 43 फूट 10 इंच, की 43 पूर्णांक 1 दशांश फूट? दोन्हींत जवळजवळ नऊ इंचांचा फरक पडतो. सखल भागातल्या घराला नऊ इंच म्हणजे उंबऱ्याबाहेरचे पाणी चुलीपर्यंत येणे. त्याच पानावर पुढे 43.11 आणि मग एकदम 44 आले, तेव्हा हे इंच आहेत हे उमगले. सगळीच पाने अशी उलगडली नाहीत.

महापूर ओसरला की दरवेळी तोच वाद सुरू होतो. कोणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याला दोष देतो, कोणी पूररेषेतल्या बांधकामांना, कोणी महामार्गाच्या भरावाला, कोणी गाळाने उथळ झालेल्या पात्राला. यातले कोणते कारण किती मोठे, हे आवाज चढवून ठरणार नाही. आपल्याच देशात याचे उत्तम उदाहरण आहे. 1926 मध्ये ओडिशात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचा तळ वर आला आहे, तेव्हा बांध काही फुटांनी उंच करा, असे अभियंत्यांच्या समितीचे मत पडले. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी अनेक वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी तपासल्या. तळ वर आल्याचे त्यांत दिसले नाही. बांध वाढवण्यापेक्षा वरच्या अंगाला पाणी अडवावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याआधी 1922 च्या उत्तर बंगालच्या पुरानंतरही त्यांनी 50 वर्षांच्या नोंदींवरून पाणी साठवण्याची खर्चिक योजना निरुपयोगी ठरवली होती. खरी गरज पाण्याचा निचरा लवकर होण्याची होती. त्यांच्या हाती नोंदी होत्या म्हणून हे होऊ शकले. आमच्याही नदीच्या नोंदी आहेत, पण त्या कपाटात आहेत.

हा प्रश्न एकट्या कोल्हापूरचा नाही. जर्मनीत ऱ्हाइन आणि मोझेल यांच्या संगमावर कोब्लेंझ नावाचे शहर आहे, आपल्या नृसिंहवाडीसारखे. जागतिक हवामान संघटनेच्या छत्राखाली 1988 पासून तिथे जगभरच्या नद्यांच्या प्रवाहाची आकडेवारी गोळा केली जाते. जागतिक बँकेने 2010 मध्ये आपली विकासाची आकडेवारी सर्वांना मोफत खुली केली. भारत सरकारनेही 2012 मध्ये माहिती खुली करण्याचे धोरण स्वीकारले. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांमध्ये आपत्तींत किती माणसे दगावली, किती बाधित झाली, हे दर लाख लोकसंख्येमागे मोजायचे आहे. आपल्याकडे भागायला लोकसंख्या आहे ती 2011 ची : जिल्ह्यात 38,76,001. त्यानंतर दोन महापूर येऊन गेले, गावे शहराला चिकटली. जनगणना तुमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. नोंदवह्या मात्र आहेत.

म्हणून मागणी एवढीच. राजाराम बंधाऱ्याची पातळी, राधानगरीसह जिल्ह्यातल्या धरणांचा विसर्ग आणि तालुकावार पाऊस, जितक्या जुन्या नोंदी असतील तितक्या मागे जाऊन, संगणकावर मोजता येतील अशा तक्त्यांत प्रसिद्ध करा. पानाचा फोटो नको. फूट, इंच की मीटर, हे प्रत्येक रकान्यावर लिहा. पूरपंचनाम्यांची गावनिहाय बेरीजही द्या. कुणाचे नाव किंवा खाते क्रमांक त्यात नको. देशाबाहेर जाणाऱ्या नद्यांची आकडेवारी गुप्त ठेवली जाते, पण कृष्णा खोऱ्यातले पाणी परदेशात जात नाही, त्यामुळे ती अडचण नसावी. खर्च म्हणाल तर तो जिल्हा नियोजनाच्या एका लहानशा कामाएवढाही येऊ नये.

आम्ही भरलेले तक्ते दोनदा तपासून तयार आहेत. शंकास्पद नोंदींवर लाल खूण केली आहे. मूळ वह्यांशी ताडून बघायला आपल्या कार्यालयाने एक टेबल दिले, तर विद्यार्थ्यांना घेऊन सुटीच्या दिवशीही यायची माझी तयारी आहे. पाऊस सुरू होण्याआधी बोलावलेत तर बरे होईल.

आपला,
चिखलीचा एक संख्याशास्त्र शिक्षक