शाळेत धर्मांचा अभ्यास हवा, उपासनेची सक्ती नको

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील भगवद्गीता व मनाचे श्लोक यांच्या पाठांतराच्या सूचनेवरून मोठे वादळ उठले, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. त्या गदारोळात दोनच आवाज ऐकू आले. मुलांवर संस्कार व्हायचे तर पाठांतर झालेच पाहिजे, हा एक. आणि धर्म हा विषयच शाळेच्या फाटकाबाहेर ठेवा, हा दुसरा. माध्यमिक शाळेत इतिहास व मराठी शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या मला हे दोन्ही आग्रह अपुरे वाटतात. मुलांना आपल्या आणि शेजाऱ्याच्या धर्माची नीट, डोळस माहिती शाळेतच मिळाली पाहिजे, आणि ती देताना कोणाकडूनही श्रद्धेची वसुली होता कामा नये, एवढेच मला मांडायचे आहे.

ही भूमिका माझ्या पदरची नाही. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या अठ्ठाविसाव्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण का नको, याची कारणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितली होती. करदात्याचा पैसा एखाद्या धर्माच्या प्रचाराला वापरता येत नाही. इतक्या धर्मांची सोय प्रत्येक शाळेत लावणे शक्य नाही. आणि आपापलाच मार्ग खरा असे मानणारे धर्म शाळेत आणले तर तिथली शांतता बिघडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. मात्र त्याच चर्चेत, धर्मतत्त्वे श्रद्धा म्हणून बिंबवणे वेगळे आणि धर्माचा अभ्यास किंवा संशोधन वेगळे, असा खुलासाही त्यांनी केला होता. ईश्वर एकच आहे आणि अमुक प्रेषित शेवटचा आहे असे मुलाला मानायला लावणे हे पहिल्या प्रकारात मोडते. असे मानणारे लोक आहेत, ते का मानतात आणि त्यातून त्यांचे जीवन कसे घडते हे समजावून सांगणे दुसऱ्या प्रकारात. पहिल्याला मनाई आहे, दुसऱ्याला नाही. आपल्याकडे पाठांतराचे समर्थक आणि विरोधक दोघेही या खुलाशापर्यंत पोहोचतच नाहीत.

त्यानंतर एकामागून एक आयोग आणि समित्या झाल्या. राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठांच्या पातळीवर थोर धर्मपुरुषांची चरित्रे आणि निरनिराळ्या धर्मग्रंथांतील निवडक भाग अभ्यासाला ठेवण्याची शिफारस केली. १९५९ मध्ये याच विषयासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष श्रीप्रकाश हे त्या वेळी मुंबई राज्याचे राज्यपाल होते. कोठारी आयोगाने तर एखाद्या धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत स्पष्ट भेद करून दुसऱ्याचा आग्रह धरला. १९९९ मध्ये मूल्यशिक्षणावर अहवाल देणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण होते, आणि १२ सप्टेंबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धर्मांचा अभ्यास शालेय अभ्यासक्रमात असण्यास राज्यघटनेची आडकाठी नाही असा निकाल देताना त्या अहवालाचा आधार घेतला. म्हणजे कायद्याचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. घोडे अडते ते वर्गात.

वर्गात काय आहे ते पाहू. बालभारतीच्या सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाहांवर एक धडा आहे. जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम आणि पारशी हे सारे धर्म त्या एका धड्यात बसवले आहेत. पाठ्यपुस्तक मंडळाला मी दोष देत नाही. निदान त्यांनी ही सगळी नावे मुलांच्या कानांवर घातली. परंतु हा धडा दोन-तीन तासिकांत उरकला जातो. पाच व्रते कोणती, चार आर्यसत्ये कोणती, हे रिकाम्या जागा भरण्यापुरते पाठ होते आणि चाचणीबरोबर विसरलेही जाते.

हाच धडा शिकवताना एकदा एका मुलीने विचारले, “बाई, ते बॅनरवर सल्लेखना लिहिलेलं असतं, ती आत्महत्या असते का?” सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात जैन शेतकऱ्यांची गावेच्या गावे आहेत, त्यामुळे असे फलक मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने अन्न क्रमाक्रमाने सोडून मृत्यू स्वीकारण्याची ही जैन प्रथा बेकायदा ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा आमच्या भागात मूक मोर्चे निघाले होते. मी उत्तराची जुळवाजुळव करीत असतानाच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि त्याच्या पणजीने अन्न कसे टप्प्याटप्प्याने कमी केले, घरचे तिला नको म्हणत होते, जैन मुनिमहाराजांची परवानगी घ्यावी लागली, शेवटचे दिवस ती कशी बोलत होती, हे त्याने त्याच्या शब्दांत सांगितले. वर्ग गप्प राहून ऐकत होता. प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. “पण मग तिला भूक लागत नव्हती का?” हा तिचा पुढचा प्रश्न होता, आणि तोही रास्तच होता. त्या तासाला कोणाचा धर्म वाढला नाही की बुडाला नाही. एका शेजाऱ्याच्या घरात काय घडते आणि त्यावर देशाचे न्यायालय काय म्हणते, हे अकरा-बारा वर्षांच्या मुलांना एकाच वेळी कळले. धर्मांचा अभ्यास म्हणतात तो याहून फार निराळा नसावा.

मिरजेसारख्या गावात या अभ्यासाचे साहित्य शोधायला लांब जावे लागत नाही. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिल्या गलेफाचा, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीचा, मान चर्मकार समाजाचा आहे. त्याच उरुसात दर्ग्याच्या आवारात थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणे चालते. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव होतो आणि तिथल्या कलाकारांच्या हातातली सतार पुष्कळदा याच गावच्या कारागिराने घडवलेली असते. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनने पाठवलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभे केलेले मिशन हॉस्पिटल आमच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी कुटुंबांना आपलेच वाटत आले आहे. पहिला गलेफ चर्मकारांचाच का, ख्रिस्ती डॉक्टर इतक्या दूर येऊन दवाखाना का काढतो, हे प्रश्न मुलांना पडतात. त्यांची उत्तरे देताना श्रद्धा सांगावी लागते, इतिहास सांगावा लागतो, आणि जातीविषयीही बोलावे लागते. जाती वगळून आपल्याकडच्या धर्मांविषयी शिकवणे ही लबाडी ठरेल.

म्हणूनच ‘सर्व धर्म सारखेच, सगळे प्रेमच शिकवतात’ या गुळमुळीत वाक्यावर विषय आटोपणाऱ्या मूल्यशिक्षणाबद्दल मला आस्था नाही. धर्म सारखे नाहीत. मुक्ती, पाप, देव, मृत्यूनंतरचे जग याविषयी त्यांची म्हणणी एकमेकांना छेद देतात. बुद्ध आणि महावीर तर जग निर्माण करणारा देवच मानत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी धर्म बदलला तो का, हे सर्व धर्म सारखेच असल्याच्या सुविचारातून मुलाला कसे कळणार? महात्मा फुले यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात असे एक घर कल्पिले होते की ज्यात आई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, वडील बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होतो, आणि तरीही सारे एकमेकांवर माया करीत एकत्र नांदतात. या घरातला प्रत्येक जण आधी वाचतो आणि मग ठरवतो. कोणताच धर्म न मानणाऱ्यालाही त्या घरात आणि आपल्या वर्गात जागा असली पाहिजे.

आता संमतीविषयी, कारण या बाबतीत शाळा फार ढिलाई करतात. अठ्ठाविसाव्या कलमाचे पहिले पोटकलम जिल्हा परिषदेच्या शाळेला लागू होते. तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य माध्यमिक शाळा खाजगी संस्थांच्या आणि अनुदानित आहेत. त्यांना तिसरे पोटकलम बांधील करते, ते असे की पालकांच्या संमतीशिवाय विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हे संरक्षण शिक्षकालाही आहे. नाशिक जिल्ह्यातील एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून एका शिक्षकाची वरिष्ठ वेतनश्रेणी रोखली गेली, तेव्हा २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती करता येणार नाही असे बजावले. तरीही परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची प्रास्ताविका झाल्यावर कोणती प्रार्थना म्हणायची, हे बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या आवडीवर किंवा संस्थाचालकांच्या भक्तीवर अवलंबून असते आणि कोणा पालकाला विचारल्याचे ऐकिवात नाही. मी मुलांना दर्ग्यात, जैन बस्तीत (मंदिरात), चर्चमध्ये आणि विहारात नेत असे, तेव्हा प्रत्येक घरातून चिठ्ठी मागवीत असे. काही पालक नकार कळवीत. ती मुले त्या दिवशी ग्रंथालयात बसत, आणि त्यांना कोणी काही बोलणार नाही याकडे मी जातीने लक्ष देई. नेलेल्या मुलांनाही एकच नियम होता: पाहायचे, विचारायचे, वहीत लिहायचे, नमस्कार करायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे.

अध्यात्म हा याच विषयाला जोडून येणारा, पण अधिक नाजूक भाग आहे. त्याची तासिका लावता येत नाही आणि त्याला गुणही देता येत नाहीत. श्रीप्रकाश समितीने दिवसाची सुरुवात काही मिनिटांच्या मौनाने करावी असे सुचवले होते, ते मला आजही सर्वांत निर्धोक वाटते. राज्यातील शाळांत ‘मित्र’ उपक्रमाद्वारे आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचे, ध्यान नेले गेले, त्याचाही काही मुलांना लाभ होताना मी पाहिला आहे. तथापि आनापान हे बौद्ध परंपरेतून आले आहे हे मुलांना आणि पालकांना सांगूनच ते द्यावे. मूळ लपवून ‘ही निव्वळ एकाग्रतेची पद्धत आहे’ असे सांगितले, तर इतर पंथांनाही तीच पळवाट मोकळी होते.

मग शिकवायचे काय हे ठरवणार कोण? इथे इंग्लंडचे उदाहरण उपयोगी पडते, जरी ते जसेच्या तसे उचलण्याजोगे नाही. तिथे हा विषय शाळांत सक्तीचा आहे, पण अभ्यासक्रम लंडनहून येत नाही. प्रत्येक भागातील स्थानिक प्राधिकरण तो ठरवण्यासाठी परिषद बोलावते, तिच्यात अँग्लिकन चर्च, त्या भागातील इतर पंथ व धर्म, शिक्षक संघटना आणि खुद्द प्राधिकरण असे चार गट असतात, प्रत्येक गटाला एकच मत असते आणि चारही गटांचे एकमत झाल्याशिवाय अभ्यासक्रम मंजूर होत नाही. दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार करावा लागतो. मुलाला तासातून वगळण्याचा हक्क पालकांना आहे. बर्मिंगहॅमने १९७५ मध्ये हिंदू, इस्लाम, शीख धर्मांबरोबर मानवतावाद आणि साम्यवादही अभ्यासाला ठेवले, तेव्हा तिथेही कमी आरडाओरडा झाला नाही. अर्थात त्याच देशाच्या कायद्यात मुख्यतः ख्रिस्ती स्वरूपाची रोजची सामूहिक उपासनाही आहे, ती आपल्याला नको. घ्यायची ती एकमताची अट.

साहित्याची मराठीत ददात नाही. फादर स्टीफन्स यांनी सतराव्या शतकात मराठी ओव्यांत गायिलेला ख्रिस्त, श्रीगोंद्याचे शेख महंमद, महानुभावांचे गद्य, विनोबांनी अरबी शिकून कुराणाचे आणि इतर धर्मग्रंथांचे काढलेले सार, हे सारे आपल्याकडे आहे. कमतरता आहे ती शिक्षकांच्या तयारीची. डी.एड. किंवा बी.एड. करून आलेल्या तरुण शिक्षकाला रोजा आणि उपवास यांतला फरक विचारला तर तो चाचरतो, आणि त्याच्या अंगी जो पूर्वग्रह असेल तोच वर्गात उतरतो. अशा शिक्षकांच्या हाती हा विषय देणे धोक्याचे आहे, हा विरोधकांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण तोच शिक्षक आजही शिवकाल आणि फाळणी शिकवतोच आहे, आणि पूर्वग्रह तिथेही उतरतातच.

नव्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येऊ लागली आहेत. सहावी ते आठवीच्या पुस्तकांवर शेवटचा हात फिरण्यापूर्वी शालेय शिक्षण विभागाने प्रत्येक जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत एक बैठक बोलवावी, तिला त्या जिल्ह्यातील सर्व धर्मांचे जाणकार, धर्म न मानणारे विचारवंत आणि शिकवणारे शिक्षक यांना बसवावे, आणि ज्या मजकुरावर सर्वांचे एकमत होईल तेवढाच मजकूर स्थानिक पुरवणी म्हणून छापावा. सुरुवातीला ती आठ पानांची झाली तरी हरकत नाही. तिच्यावर परीक्षा घेऊ नये, आणि सहावीच्या त्या धड्याला दोन-तीनऐवजी निदान दहा तासिका द्याव्यात.

आपली नम्र,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका, मिरज