धरणकाठची घरटी तुडवू नका

महोदय,

उन्हाळी सुट्टीत पहाटे धरणावर पक्षी पाहायला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र हिवाळ्यासारखे पाण्याच्या कडेकडेने चालत पक्षी पाहणे चैत्र-वैशाखात टाळायला हवे. हिवाळी पाहुणी बदके एव्हाना बहुतेक उत्तरेकडे परतलेली असतात आणि पाणी ओसरून उघडी पडलेली खड्यांची, वाळूची पट्टी टिटवी, कंठेरी चिखल्या, नदी सुरय यांनी विणीसाठी धरलेली असते.

यांचे घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, फार तर भोवती चार खडे. टिटवीची मातकट, काळ्या डागांची चार अंडी निमुळती टोके आत करून मांडलेली असतात आणि दोन पावलांवरूनही ती दगडांत ओळखू येत नाहीत. त्यामुळे ‘आम्ही खाली बघूनच चालतो’ एवढ्याने भागत नाही. धरणाची भिंत, गाडीवाट किंवा मळलेली पायवाट सोडूच नये.

पाय पडला नाही तरी नुकसान होते, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही. या दिवसांत पक्षी अंड्यांवर बसतो तो उबेइतकाच सावलीसाठी. टिटवी तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. उन्हाचा चटका सुरू झाल्यावर आपल्यामुळे ती उठली आणि अंडी उघडी राहिली, तर आतले पिल्लू दगावू शकते. कावळे आणि कुत्री टपलेली असतात ती वेगळीच.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, सुरय अंगावर झेपावू लागले, की आल्या वाटेने मागे फिरावे. चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे पळतो तेव्हा तो जखमी नसतो. आपल्याला अंड्यांपासून लांब नेत असतो. त्याचे चित्रीकरण करत मागे जाणे म्हणजे त्याला आणखी वेळ घरट्याबाहेर ठेवणे. नदी सुरय धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत असुरक्षित गटात आहे. तो पाण्यातल्या बेटांवर वसाहतीने वीण करतो. पाणी उतरून बेट काठाला जोडले गेले, की कुत्र्यांना वाट मिळते. त्याच वाटेने माणसांनीही जाऊ नये.

लांबूनही उत्तम दिसते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचावे आणि पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे पाहावे, म्हणजे ऊन पाठीशी राहते. समोर सूर्य असेल तर सगळे पक्षी काळेच दिसतात. दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे असलेली घ्यावी. पहाटेच्या अंधुक उजेडात १०×२५ ची दुर्बीण कमी पडते, कारण तिच्यातून डोळ्यात जाणारा प्रकाशझोत जेमतेम अडीच मिलिमीटरचा असतो, तर ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटरचा. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली करावेत. एसी गाडीतून दुर्बीण काढल्या काढल्या काचांवर बाष्प धरते. पुसत बसू नये, दहा-पंधरा मिनिटे ती बाहेर राहू द्यावी. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि तिकाटण्यावरच्या मोठ्या स्कोपमधूनही (एकनळी दुर्बिणीतूनही) चित्र लवथवते. निरीक्षण आवरायची तीच वेळ. विणीच्या जागी ड्रोन मुळीच उडवू नये, अख्खी वसाहत एकदम उठते.

आपणास एक विनंती. वाचकांनी पाठवलेली घरट्यांची, अंड्यांची छायाचित्रे छापू नयेत आणि काठावर वीण करणाऱ्या पक्ष्यांच्या बातमीत नेमकी जागा देऊ नये. तालुक्याचे नाव पुरेसे आहे. जागा छापून आली, की पुढच्याच रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते.

आपले,
काही पक्षीनिरीक्षक