चि. मुक्तास, इंग्रजी शब्दांच्या वहीबद्दल

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

वहीच्या पानाचा तू पाठवलेला फोटो मोठा करून दोनदा वाचला. एका पानावर चाळीस शब्द, मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. मेहनत दिसते आहे. पण महिन्याभरानं त्या चाळीसांतले किती तुझ्या हाताशी असतील याची मला काळजी वाटते, आणि ती त्या उभ्या रेघेमुळे वाटते.

सतरावा शब्द बघ. रिलक्टंट, आणि समोर 'नाखूष'. खाली तू वाक्य केलंस: 'आय ॲम रिलक्टंट विथ माय मार्क्स.' मराठीत 'मी माझ्या मार्कांवर नाखूष आहे' हे अगदी बरोबर, पण इंग्रजी वाक्य काही उभं राहत नाही. रिलक्टंटमध्ये दुःख नसतं, आढेवेढे असतात. एखादी गोष्ट करायची मनापासून तयारी नसते, माणूस का कू करतो आणि शेवटी करतो किंवा टाळतो. म्हणून त्याच्यामागे बहुतेक वेळा 'टू' आणि क्रियापद येतं: रिलक्टंट टू सेल, रिलक्टंट टू ॲडमिट. मार्कांबद्दल बोलायचं तर अनहॅपी विथ. 'नाखूष' हा शब्द मराठीत दोन्हीकडे चालतो, आणि उभ्या रेघेला हा फरक सांगता येत नाही.

आता हाच शब्द नीट कसा मांडायचा ते सांगते. जाड कार्डशीट घे आणि पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे तुकडे काप. एका कार्डावर एकच शब्द आणि त्याचा एकच अर्थ. मागच्या बाजूला वर शब्द, त्याखाली तो विशेषण आहे की क्रियापद हे, आणि जोर कुठे येतो ते. रिलक्टंटमध्ये जोर 'लक'वर आहे, त्या अक्षराखाली रेघ ओढ. मग अर्थ, एका शब्दात नको, ओळभर: 'करायची मनापासून तयारी नसलेला, आढेवेढे घेणारा'. त्याखाली शब्दाचा गोतावळा: रिलक्टंट टू अमुक करणं, रिलक्टन्स, रिलक्टंटली. मग डिक्शनरीतलं एक वाक्य जसंच्या तसं. शेवटी तुझं स्वतःचं वाक्य, आणि तेच पुढच्या बाजूला पुन्हा लिहायचं, पण शब्दाच्या जागी रेघ ओढून आणि पहिलं अक्षर तेवढं देऊन. पुढच्या बाजूला मराठी अर्थ लिहू नकोस. लिहिलास की डोळा आधी तिथेच जातो आणि वाक्य वाचलंच जात नाही.

स्वतःचं वाक्य बरं झालं की नाही याची एक साधी परीक्षा आहे. शब्द झाक आणि दुसरे किती शब्द तिथे बसतात बघ. 'ही इज रिलक्टंट' यात रिलक्टंटच्या जागी टॉल बसतो, हंग्री बसतो, काहीही बसतं. म्हणजे त्या वाक्यानं शब्दाला काहीच काम दिलं नाही. आता हे बघ: 'द ड्रायव्हर वॉज रिलक्टंट टू स्टॉप बिकॉज द बस वॉज ऑलरेडी फुल.' एसटी खचाखच भरलेली, ड्रायव्हर थांबायला तयार नाही. इथे टॉल बसत नाही, हंग्रीही नाही. वाक्यात 'बिकॉज', 'बट' किंवा 'सो' घालून कारण दिलंस की बहुतेक वेळा काम होतं. आणि वाक्य तुझ्या रोजच्या जगातलं कर: मेस, प्रॅक्टिकल, रूममेट, सुट्टीत घरी येणं. लंडनच्या पावसाचं वाक्य तुझ्या लक्षात राहायचं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आपण मराठीत एका शब्दात भागवतो तिथे इंग्रजी कधी दोन शब्द करते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या चुका नेमक्या तिथे होतात. सावली घे. आंब्याच्या सावलीत बसलो तर ती शेड. भिंतीवर तुझ्या हाताची पडली तर ती शॅडो. शेडमध्ये ऊन लागत नाही, शॅडोला आकार असतो. उसने दिले तर लेंड, उसने घेतले तर बॉरो. आपल्याकडे 'उसने' तोच राहतो आणि क्रियापद बदलतं, म्हणून 'कॅन यू बॉरो मी युवर पेन' असं सहज निघून जातं. मला आठवलं तर रिमेंबर, तू मला आठवण करून दिलीस तर रिमाइंड. असे शब्द सापडले की वेगळ्या कार्डावर मराठी शब्द मधे लिही, त्याला दोन फाटे काढ आणि प्रत्येक फाट्यावर एकेक वाक्य ठेव. पण ही जोडी एकाच दिवशी नव्यानं पाठ करायला घेऊ नकोस. लेंड पक्का झाल्यावर पंधरा दिवसांनी बॉरो. सारखे दिसणारे किंवा उलट अर्थाचे दोन नवे शब्द एकत्र शिकले की ते डोक्यात एकमेकांत गुंततात. अफेक्ट आणि इफेक्टचा गोंधळ बऱ्याच जणांचा असाच पक्का झालेला असतो.

शब्दांच्या सोयरिकीही ठरलेल्या असतात. आपण कडक चहा म्हणतो, कठीण चहा म्हणत नाही; कारण विचारलं तर कुणालाही सांगता येणार नाही. इंग्रजीतही तसंच. चहा स्ट्राँग, वारा स्ट्राँग, पण पाऊस हेवी, आणि रस्त्यावरची गर्दीही हेवी ट्रॅफिक. मिस्टेक मेक करतात, होमवर्क डू करतात. आपण परीक्षा देतो म्हणून 'गिव्ह ॲन एक्झाम' लिहितो. तिथे टेक किंवा सिट लिहायचं. 'विषयी चर्चा' हे मनात असतं म्हणून डिस्कसमागे अबाउट चिकटतो. तो नको, डिस्कस द प्रॉब्लेम एवढंच. 'कुणाशी लग्न' म्हणून मॅरीड विथ होतं; तिथे टू हवा. माहितीचं आपल्याकडेही अनेकवचन होत नाही, म्हणून इन्फर्मेशनला एस लावू नये हे तुला चटकन पटेल. पण सल्ल्याचे सल्ले होतात, त्यामुळे ॲडव्हाइसवर लक्ष ठेव: अ पीस ऑफ ॲडव्हाइस किंवा सम ॲडव्हाइस.

ओळखीचे वाटणारे शब्दही एकदा तपासून घे. आपल्या बोलण्यातलं हॉटेल म्हणजे मिसळ खायची जागा. इंग्रजीत हॉटेलमध्ये मुक्काम करतात आणि जेवतात रेस्टॉरंटमध्ये. आपलं शाळेचं गॅदरिंग म्हणजे नाचगाणी आणि बक्षीस समारंभ. इंग्रजीत गॅदरिंग म्हणजे नुसती जमलेली माणसं; आपल्या गॅदरिंगसाठी ॲन्युअल डे म्हण. आपली लाइट जाते, इंग्रजीत पॉवर जाते.

कोणते शब्द निवडायचे, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पानावरून दिसतं की 'अवघड शब्दांची यादी' कुठूनतरी उतरवली आहेस. ती बाजूला ठेव. अकरावी सायन्सच्या पुस्तकात तुला अडवतात ते व्हेलॉसिटी किंवा ऑस्मोसिस नव्हेत. ते सर वर्गात समजावतात. अडवतात ते मधले सांधे: अनलेस, व्हेअरॲज, रिस्पेक्टिव्हली, नेग्लिजिबल, अझ्यूम. हे कुणी समजावत नाही, कारण ते सगळ्यांना येतात असं धरलेलं असतं. रिस्पेक्टिव्हली वाचून मुलं आदराचा अर्थ लावतात. तो आहे 'अनुक्रमे'. आणि न्यूटनचा पहिला नियम अख्खा अनलेसवर उभा आहे. वस्तू स्थिर असेल तर स्थिर राहते, 'अनलेस ॲन एक्स्टर्नल फोर्स ॲक्ट्स ऑन इट'. म्हणजे बाहेरचं बल लागत नाही तोवर. अनलेसचा अर्थ तू नुसता 'जर' असा लिहिला आहेस. तो धरला तर नियम उलटा होतो: जर बल लागलं तर वस्तू स्थिर राहते! अनलेसच्या पोटात 'नाही' आधीच आहे. म्हणून 'अनलेस द फोर्स डझ नॉट ॲक्ट' असं लिहिलंस तर दोनदा नाही म्हटल्यासारखं होतं. मराठीत 'लागत नाही तोवर' म्हणायची सवय असल्यानं तो नॉट हातून आपोआप पडतो, तेवढा सांभाळ.

तर पहिले दोन महिने शब्द तुझ्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीच्या पुस्तकांतूनच घे. त्याच्या जोडीला वर्तमानपत्र, पण अग्रलेख नको. क्रीडा पान किंवा जिल्ह्याची बातमी घे, जी तू मराठीत आधी वाचलेली आहेस. गोष्ट माहीत असली की शब्दाचा अंदाज बांधता येतो. दहा ओळींत पाचाहून जास्त शब्द अडले तर तो मजकूर सध्या सोड.

डिक्शनरी शिकणाऱ्यांसाठी केलेली हवी. लाँगमनच्या अशा डिक्शनरीत सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांत बसवलेले असतात, त्यामुळे अर्थ समजायला दुसरा अर्थ शोधावा लागत नाही. कोबिल्ड ही १९८७ साली निघाली, ती अर्थच पूर्ण वाक्यात सांगते, आणि तिची उदाहरणं खरोखर छापल्या-बोलल्या गेलेल्या इंग्रजीतून घेतलेली असतात. शिकणाऱ्यांच्या डिक्शनऱ्या मोबाइलवर फुकट बघायला मिळतात. इंग्रजी-मराठी कोश बघायचाच, पण दुसऱ्यांदा: आधी इंग्रजी अर्थ, वाक्य, आणि मग मराठीत नेमका शब्द कोणता हे ताडून बघायला. पहिलाच अर्थ उचलू नकोस. फाइन म्हणजे छान, फाइन म्हणजे दंड, आणि फाइन पावडरमध्ये फाइन म्हणजे बारीक. तुझ्या वाक्यात कोणता बसतो ते बघ आणि तेवढाच कार्डावर घे.

शब्दाची फोड करायला शिकलीस तर पुष्कळ ओझं कमी होईल, आणि ही विद्या तुला संस्कृतमुळे आधीच येते. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार: एकच 'हार', उपसर्ग बदलला की अर्थ बदलला. तसंच पोर्ट म्हणजे वाहून नेणं: बाहेर नेलं ते एक्स्पोर्ट, आत आणलं ते इम्पोर्ट, इकडून तिकडे नेलं ते ट्रान्स्पोर्ट, ओझं वाहतो तो पोर्टर. मात्र फोड हा अंदाज आहे, निकाल डिक्शनरीकडून घ्यायचा. इनव्हॅल्युएबल बघून 'किंमत नसलेला' असं वाटतं. पण आपला 'अमूल्य' आठव. त्यातही 'अ' नकाराचाच आहे आणि अर्थ, ज्याचं मोल करता येत नाही असा. इनव्हॅल्युएबल म्हणजे हुबेहूब अमूल्य.

उच्चारासाठी डिक्शनरीतलं स्पीकरचं चिन्ह दाबून दोनदा ऐक आणि मोठ्यानं म्हण. रेकॉर्ड नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. डेटमधला बी, म्हणजे कर्ज या अर्थाच्या डेटमधला, लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो.

दिवसाला सात शब्द, सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार नवा शब्द नाही. चाळीस नकोतच. सात कार्डं नीट करायला अर्धा-पाऊण तास जातो आणि शब्द बसतो तो त्या खटपटीतच. उजळणीला तीन रिकामे डबे घे. पहिल्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली बुधवारी आणि शनिवारी, तिसऱ्यातली फक्त रविवारी. रेघेच्या जागचा शब्द न बघता, अर्धवट न आठवता, पूर्ण आला तर कार्ड पुढच्या डब्यात. चुकला की कुठूनही थेट पहिल्या डब्यात, 'येत होता गं, जिभेवर होता' म्हटलं तरी. तिसऱ्या डब्यात सलग चार रविवार बरोबर आला की कार्ड दोऱ्यात ओवून ठेव. एखादं कार्ड पाच-सहा वेळा मागेच येत असेल तर दोष वाक्याचा असतो; वाक्य फाडून नवं कर. आणि पहिल्या डब्यात पन्नासाहून जास्त कार्डं साठली तर आठवडाभर नवा शब्द घेऊ नकोस.

जुनी वही टाकू नकोस. त्या चाळीसांतले, तुझ्या पुस्तकांत खरंच भेटतात तेवढेच निवड. मला सात-आठ दिसतात. अनलेस आणि रिस्पेक्टिव्हलीपासून सुरुवात कर.

दर रविवारी रात्री त्या आठवड्यातली दहा वाक्यं मला पाठव, शब्दाच्या जागी रेघ ओढून, पहिलं अक्षरसुद्धा न देता. बाबा आणि मी शब्द ओळखू. आम्हाला ओळखता आला नाही तर ते कार्ड पहिल्या डब्यात.

तुझी,
आई