बाबा, सही करायच्या आधी

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, घरच्या कंपनीतले तुमचे शेअर विकत घेण्यासाठी थोरल्या काकांनी पाठवलेला मूल्यांकनाचा अहवाल दोनदा वाचला. "सख्खा भाऊ आहे, आकड्यांवरून काय भांडायचं?" असं तुम्ही फोनवर म्हणालात. भांडू नका, पण सहीची घाईही नको.

हिशेब असा: अख्खी कंपनी 100 धरली तर तुमच्या 30 टक्क्यांचे होतात 30. त्यातून 'मायनॉरिटी डिस्काउंट' म्हणून 20 टक्के कापले, उरले 24. शेअर सहज विकले जात नाहीत म्हणून त्यातले आणखी 25 टक्के गेले. हातात 18.

पहिली कपात मुळात खोटी नाही. ज्याच्याकडे बहुमत नाही त्याला संचालक नेमता येत नाहीत, लाभांश ठरवता येत नाही. तिऱ्हाईत अशा शेअरला कमीच देणार. पण इथे कंपनीची किंमतच शेअर बाजारातल्या तशाच कंपन्यांच्या भावावरून काढलीय. बाजारात रोज विकले जातात ते छोट्या भागधारकांचे शेअर. नियंत्रण नसल्याची कसर त्या भावात आधीच आलेली असते, असं बरेच मूल्यांकनकार मानतात. एकाच कारणासाठी दोनदा कात्री लागलीय.

मला जास्त खुपलं ते वेगळंच. काकांकडे 40, तुमच्याकडे 30, आत्याकडे 30. आज बहुमत कुणाचंच नाही. तुम्ही आणि आत्या मिळून काकांना अडवू शकता. तुमचे 30 घेतले की ते 70 वर! म्हणजे तुमच्याकडे असताना 'नियंत्रण नाही' म्हणून स्वस्त, आणि त्यांच्याकडे जाताच तेच शेअर नियंत्रण देणार. ती किंमत अहवालात कुठेच नाही. (मूल्यांकनकार काकांनीच नेमलाय, हेही आहेच.)

1989 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने छोट्या भागधारकाची 'फेअर व्हॅल्यू' (अख्ख्या कंपनीच्या किमतीतला त्याचा वाटा) ठरवताना अशी कपात नाकारली होती. त्याने बहुमतवाल्यांना फुकटचा फायदा होतो म्हणून. आपली विक्री राजीखुशीची, तो निकाल इथे चालणार नाही. आपल्याला बांधील आहे तो भागधारकांचा करार. त्यात 'फेअर व्हॅल्यू' लिहिलंय की 'फेअर मार्केट व्हॅल्यू' (म्हणजे तिऱ्हाईत देईल तो भाव), आणि शेअर आधी आत्यालाही देऊ करायचे आहेत का, एवढं बघायचंय.

आई, कराराची प्रत तुझ्या कपाटात असेल. प्रत्येक पानाचा फोटो पाठव, समासात हाताने लिहिलेलंही नीट दिसू दे. आणि आत्याला फोन तूच कर, बाबा करणार नाहीत.

तुमची,
धाकटी