आंबील ओढा नक्की कुणाचा? पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, पुणे जिल्हा,
सप्रेम नमस्कार.

आंबील ओढ्यावरच्या दांडेकर पुलाजवळ माझं ब्लाउज शिवायचं आणि पिको-फॉलचं छोटं दुकान आहे. सप्टेंबर लागला की मी शिलाई मशीन विटांवर चढवते. नवीन गिऱ्हाईक हसतं. ओढ्याकाठच्या बायका हसत नाहीत, त्या विटा मोजतात.

२७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा जनता वसाहतीपाशी फुटला. भरदिवसा, पाऊस नसताना पाणी वस्तीत घुसलं. घुशी-उंदीर-खेकड्यांनी भराव पोखरला, असं तेव्हा सांगण्यात आलं. बरं, पोखरला असेल. मग तो पोखरला जात असताना बघायचं कुणी? वर्ष भरायला दोन दिवस बाकी होते, तेव्हा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून ओढाच उठला. अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी करत खाली आमच्यापर्यंत आला. त्या पावसात पुणे परिसरात २० हून जास्त माणसं गेली.

दुकानात कमरेएवढं पाणी होतं. माप लिहिलेल्या चिठ्ठ्या मी कापडाला टाचणीने लावून ठेवते. सकाळी शाई पसरून सगळ्या निळ्या झालेल्या. कुणाचं कापड कुणाचं, काही कळेना. शेवटी बायकांनी येऊन चिखलातून आपापला खण ओळखून नेला. एका मुलीच्या लग्नाचा ब्लाउज होता, त्याचे पैसे मी घेतले नाहीत.

साहेब, नकाशा समोर घ्या. पर्वतीच्या पायथ्याशी कालवा ओढ्याला आडवा जातो आणि ओढा पुढे मुठेला मिळतो. वर कालवा फुटो नाहीतर डोंगरात ढग फुटो, पाण्याला नदीकडे जायला आमच्या दारातलीच वाट. ओढा वळवणं पुण्याला नवीन नाही. नानासाहेब पेशव्यांनी तो वळवला, पर्वतीखाली तळं केलं; आज तिथे सारसबाग आहे. पण त्यांनी वळवलेल्या ओढ्याला जागा तरी होती. आम्ही सगळ्यांनी मिळून ती खाल्ली. झोपडीवाल्यांनी खाल्ली तशी वरच्या सोसायट्यांनीही खाल्ली, फक्त त्यांच्या भिंतीला रंग असतो. जून २०२१ मध्ये ऐन पावसाच्या तोंडावर जेसीबी आले ते मात्र झोपड्यांवरच. शेवटी कोर्टाची स्थगिती आणावी लागली.

मी अर्ज घेऊन फिरले आहे. पाटबंधारे खात्याच्या टेबलावर म्हणाले, कालव्याचं आम्ही बघतो, ओढ्याचं महापालिकेकडे. तिकडे गेले तर म्हणाले, ओढा आमचा, पण पाणी कालव्याचं असेल तर आधी तिकडून लेखी आणा. एका वर्षी मे महिन्यात ओढ्यातला गाळ काढून काठावरच टाकला होता. जूनच्या दुसऱ्या पावसात तो परत आत. बिल निघालं असेलच.

मला मोठा प्रकल्प नको. सुशोभीकरण तर नकोच. बाकावर बसून ओढा बघायची हौस आमची केव्हाच फिटली. कालव्याच्या भरावापासून मुठेपर्यंतच्या या तुकड्याला एक अधिकारी द्या, ज्याचं नाव आणि फोन नंबर पुलावर पाटीवर लिहिलेला असेल. दोन्ही खात्यांना त्याचं ऐकावं लागेल असा हुकूम काढा. काढलेला गाळ त्याच दिवशी ट्रकमधून गेला पाहिजे. आणि कात्रजला पाणी चढलं की रात्री दोन वाजताही आमच्याकडे भोंगा वाजला पाहिजे. २०१९ ला आम्हाला जाग आली ती गाड्या एकमेकींवर आपटल्याच्या आवाजाने.

पाहणीला याल तर पुलावरून खाली बघून जाऊ नका. कालव्यापासून नदीपर्यंत चालत या, पायात बूट घालून. मी बरोबर येईन. मंगळवारी दुकान बंद असतं.

आपली,
दांडेकर पुलाजवळची एक शिवणकाम करणारी

(मशीन सध्या चार विटांवर आहे.)