गोव्यातील मराठी पुस्तक : कागदही हवा, फाईलही हवी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

छापील पुस्तक टिकणार की ई-पुस्तक त्याची जागा घेणार, या विषयावर आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत सध्या जी चर्चा चालू आहे ती मी आवर्जून वाचतो आहे. बहुतेक पत्रांचा रोख वैयक्तिक आवडीवर आहे. कुणाला हातात पुस्तक धरल्याशिवाय वाचल्यासारखे वाटत नाही, तर कुणाला प्रवासात मोबाईलवर वाचणे सोयीचे वाटते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र फोंडा तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाच्या कामात अनेक वर्षे असल्यामुळे मला या चर्चेत एक मोठी उणीव जाणवते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकाशकांपुढचा प्रश्न आणि गोव्यातील मराठी लेखकापुढचा प्रश्न एक नाही. आपल्याकडे पुस्तकाच्या काहीशे प्रती निघतात. त्यांतील बऱ्याच प्रकाशन समारंभात आणि स्नेह्यासोबत्यांत संपतात, थोड्या ग्रंथालयांत जातात आणि उरलेल्या गठ्ठे बांधून लेखकाच्या घरी राहतात. दुसरी आवृत्ती क्वचितच निघते. असे पुस्तक पंचवीस वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याला हवे झाले तर ते त्याला कोठे मिळणार, हा आपला खरा प्रश्न आहे.

या बाबतीत गोव्याच्या इतिहासाइतका बोलका पुरावा दुसरीकडे सापडणार नाही. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये जुने गोवे येथील सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तकथा सांगणारे मराठी काव्य ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले आणि १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आजवर अभ्यासकांच्या हाती आलेली नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे, आणि अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापता आला. पोर्तुगीज राजवटीच्या १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषांवर गदा आली होती. गोव्यातील छपाई सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात थांबली, ती १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. तीनदा छापलेला ग्रंथ नाहीसा होतो आणि हाताने लिहिलेला उरतो, याचा अर्थ छपाई कुचकामी असा मुळीच नाही. मजकूर अनेक ठिकाणी, अनेकांच्या हाती आणि एकापेक्षा अधिक रूपांत असला तरच तो राजवटी, हवामान आणि माणसांची अनास्था यांतून पार पडतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हवामानाचा उल्लेख मी मुद्दाम केला. गोव्याचा पावसाळा कागदाला किती सोसतो हे ज्याने जुलैत वाचनालयाचे कपाट उघडले आहे त्यालाच कळेल. पुठ्ठे फुगलेले असतात, शिवणीजवळ बुरशीचे ठिपके उमटलेले असतात, चकचकीत कागदाची पाने एकमेकांना चिकटून बसलेली असतात आणि आतून कसरीने जाळी केलेली असते. डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला, कपाटात लावलेला दिवा हे सगळे उपाय आम्ही करतो. त्यांनी नुकसान लांबते, टळत नाही. ज्या पुस्तकाच्या राज्यात जेमतेम पाच-दहा प्रती उरल्या आहेत त्याच्या बाबतीत एक वाईट पावसाळा पुरेसा असतो.

मग पुस्तकाची संगणकीय प्रत असली की झाले, असे कुणी म्हणेल. तिथेही अनुभव वेगळाच आहे. काही वर्षांपूर्वी गोव्यातील एका दिवंगत लेखकाचा कथासंग्रह पुन्हा काढावा असे त्यांच्या घरच्यांना वाटले. छापखाना बंद झालेला होता, परंतु अक्षरजुळणीची सीडी सुदैवाने घरात सापडली. ती पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या प्रणालीतील फाईल मोठ्या खटपटीने उघडली तेव्हा पडद्यावर मराठी असे काही दिसेना, कारण मजकूर युनिकोडपूर्व काळातील, म्हणजे सर्व संगणकांना समान अशी अक्षरांची संकेतपद्धती रूढ होण्याआधीच्या, फॉन्टमध्ये जुळवलेला होता आणि तो फॉन्ट नव्या संगणकावर नव्हता. रूपांतर करणारी प्रणाली वापरल्यावर अक्षरे आली, पण रफार एक घर पुढे सरकले, पहिली वेलांटी भलत्याच व्यंजनाला चिकटली, ‘ऱ्या’चा ‘र्या’ झाला आणि काही जोडाक्षरांच्या जागी चौकोन उरले. शेवटी छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागली. ती छापील प्रत नसती तर मूळ शब्द कोणता होता हे सांगायला कुणीच नव्हते. नव्वदच्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षे गोव्यातील मराठी पुस्तके याच पद्धतीने तयार झाली, आणि त्यांच्या फायली आजही कुणाच्या तरी खणातल्या सीडीवर पडून आहेत. त्या सीडीही काही अमर नाहीत.

लिपीचा हा अडसर गोव्याला नवा नाही. देशी लिपीत पुस्तके छापावीत अशी इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात व्यक्त केली होती. रोमनच्या चोवीस अक्षरांपुढे येथील लिपीसाठी सहाशेच्या घरात साचे पाडावे लागतील, म्हणून ते जमत नाही, असे कारणही त्यांनी दिले होते. प्रियोळचे सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासाचे जे संशोधन केले, त्यामुळे हे सारे आपल्याला ठाऊक आहे. आज युनिकोडमुळे तो अडसर जवळपास दूर झाला आहे. एकदा नीट जुळवलेला देवनागरी मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडतो, त्यात शब्द शोधता येतो आणि त्याच फाईलीतून छापील व ई-पुस्तक अशी दोन्ही रूपे काढता येतात. असे असताना आजही कित्येक ठिकाणी जुन्याच फॉन्टमध्ये काम चालते आणि लेखकाला हाती फक्त पीडीएफ मिळते, जिच्यातला मजकूर सहज बदलता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ई-पुस्तकाविषयी माझ्या मनात आकस नाही, उलट कृतज्ञता आहे. ज्यांची नजर अधू झाली आहे ते आमचे ज्येष्ठ सभासद अक्षर मोठे करून पुन्हा वाचू लागले आहेत. दृष्टिहीन वाचकासाठी युनिकोड मजकूर वाचून दाखवणारी साधने आहेत आणि त्यांच्यासाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यातच दिलेली आहे. आखातात किंवा मुंबईत स्थायिक झालेल्या गोमंतकीयाला गावाकडच्या लेखकाचे पुस्तक दुसऱ्या कोणत्या मार्गाने सहज मिळणार? अॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेने डिसेंबर २०१६ मध्ये मराठी पुस्तके घेण्यास सुरुवात केल्यापासून लहान प्रकाशकालाही ही वाट खुली आहे.

तथापि त्या वाटेवर आपण विकत घेतो ते पुस्तक नसते, वाचण्याचा परवाना असतो. २००९ मध्ये अॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. छापील पुस्तकाच्या बाबतीत असे करायला घरोघरी फिरावे लागले असते. म्हणून केवळ एखाद्या कंपनीच्या दुकानात ई-पुस्तक ठेवले म्हणजे ते जतन झाले, या समजुतीवर विसंबून राहू नये. शिवाय सत्तरी-सांगेतील काही गावांत आजही रेंज मिळवण्यासाठी डोंगर चढावा लागतो, तिथल्या मुलाच्या हाती वाचनालयातले कागदी पुस्तकच पोहोचते. करआकारणीही अजून कागदाच्या बाजूने आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, तर त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर २०१८ पासून ५ टक्के कर आहे. ही तफावत काढून टाकावी, असे माझे मत आहे, परंतु तो विषय दिल्लीचा.

गोव्यात करता येण्याजोगी गोष्ट वेगळी आहे आणि तिला फारसा खर्चही नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांकडे पाठवायची असते. त्या यादीत गोवा नाही आणि कायदा छापील प्रतीपुरताच आहे. आपल्याकडे मात्र १८३२ पासूनची परंपरा असलेले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पणजीत पाटो येथे आहे आणि १९९३ चा स्वतंत्र ग्रंथालय कायदाही आहे. गोव्यातील पुस्तकांना सार्वजनिक पैशातून जे प्रकाशन अनुदान मिळते, त्याचा शेवटचा हप्ता देताना दोन अटी घालाव्यात. पुस्तकाची युनिकोडमधील संपादनयोग्य फाईल राज्य ग्रंथालयात जमा झालेली असावी, आणि ठरावीक छापील प्रती बाराही तालुक्यांतील वाचनालयांत पोहोचलेल्या असाव्यात. फाईल जमा झाली म्हणून ती लगेच सर्वांना फुकट खुली करावी, असे मी म्हणत नाही. लेखक-प्रकाशकाचा विक्रीचा हक्क जपलाच पाहिजे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो तेव्हा, किंवा वारसांनी त्याआधी परवानगी दिली तर, ती वाचकांसाठी खुली करता येईल. तोवर ती सुरक्षित राहावी, तिची एक प्रत गोव्याबाहेरही असावी आणि दर काही वर्षांनी ती उघडून पाहण्याची जबाबदारी ग्रंथालयात नेमून दिलेली असावी.

जुन्या पुस्तकांसाठी याच ग्रंथालयाने लेखकांच्या कुटुंबीयांना आणि बंद पडलेल्या छापखान्यांच्या मालकांना जाहीर आवाहन करून सीडी, फायली व उरलेल्या प्रती गोळा कराव्यात. ही सामग्री ज्यांच्या ताब्यात आहे ती पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यापूर्वी हे आवाहन निघाले तर बरे. मुद्रितशोधनाला माणसे लागतील. निवृत्त मराठी शिक्षक हे काम आनंदाने करतील, आणि आमच्या वाचनालयातील काही जणांनी तशी तयारी आजच दाखवली आहे. संबंधित खात्याने याची दखल घ्यावी, यासाठी आपण हे पत्र प्रसिद्ध करावे ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचनालय कार्यकर्ता,
फोंडा, गोवा